गाडी गिअरमध्ये स्टार्ट होत नाही? पावसाआधी एवढं बघून ठेवा

गोव्यातल्या चोडणच्या फेरीबोटीत मी मोटरसायकल नेहमी गिअरमध्येच उभी करतो, नाहीतर बोट हलली की ती सरकते. मागच्या पावसात बोट रायबंदरच्या धक्क्याला लागली, सगळे उतरू लागले, मी क्लच दाबून बटण दाबलं, तर स्टार्टर हूं की चूं करेना. मागून हॉर्न सुरू झाले. न्यूट्रलला घेतली तशी पहिल्याच बटणाला चालू! तरी घरी येऊन मी बॅटरी बदलायला निघालो होतो. पैसे फुकट गेले असते, कारण न्यूट्रलमध्ये झटक्यात चालू होणाऱ्या गाडीची बॅटरी आणि स्टार्टर बहुतेक ठीकच असतात. बिघडलेला असतो एखादा छोटा स्विच: क्लच दाबलाय का, साइड स्टँड वर आहे का हे गाडीला कळवणारा. तसं कळलं नाही, तर गिअरमध्ये स्टार्टर फिरत नाही.

गोव्यात पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, तेव्हा हे काम मे महिन्यातच उरका. बीप वाजणारा साधा मल्टीमीटर (वीज आरपार जाते का ते बीपने सांगणारा मीटर), कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, जुना टूथब्रश, फडकं आणि गाडीचं मॅन्युअल हाताशी घ्या. मॅन्युअल आधी वाचा, कारण काही गाड्या मुळातच फक्त न्यूट्रलमध्ये चालू होतात आणि काहींना साइड स्टँड वर असावा लागतो. सपाट जागा बघा आणि गाडीसमोर कुणाला उभं राहू देऊ नका.

आता नीट कान द्या. पहिला गिअर, क्लच पूर्ण आत, पुढचा ब्रेक धरलेला, स्टँड वर, आणि बटण. स्टार्टर कण्हला, गाडी पुढे उडी मारू लागली, तर क्लच सुटत नाही: केबल सैल आहे किंवा गाडी महिनोन्‌महिने उभी राहून प्लेटा चिकटल्या आहेत. काहीच आवाज नाही, तर स्विचकडे वळा.

क्लचचा स्विच लिव्हरच्या बुडाशी असतो, दोन बारीक वायरींचा. लिव्हर दाबताना बारीक टिक ऐकू यायला हवी. गाडी पडून लिव्हर वाकला असेल किंवा बाहेरचा बसवला असेल, तर तो स्विचच्या पिनपर्यंत पोचतच नाही; हे कारण फार जणांच्या लक्षात येत नाही. वायर सोडवून मीटर लावा. लिव्हर दाबल्या-सोडल्यावर बीप बदलली नाही, तर स्विच गेला.

साइड स्टँडच्या स्विचवर मात्र जास्त वेळ द्या. तो जमिनीलगत असतो आणि डिचोली-सत्तरीकडची तांबडी माती त्यात घट्ट बसते. किनाऱ्याकडे खारा वारा गंज आणतो. न्यूट्रलमध्ये चालू असलेली गाडी स्टँड वर असूनही गिअर टाकताच बंद पडत असेल, तर संशय याच्यावरच घ्या. ब्रशने माती काढा, स्प्रे मारा, स्टँड दहा-पंधरा वेळा वर-खाली करा. स्प्रिंग ढिली असेल तर तीही बदला.

गॅरेजवाला स्विच वगळून त्याच्या दोन वायरी थेट जोडून द्यायचं सुचवेल. कृपा करून स्टँडचा स्विच असा कायमचा निकामी करू नका. केरीहून चोर्ला घाट चढताना डाव्या वळणावर खाली राहिलेला स्टँड रस्त्याला टेकला, तर गाडी उचलून फेकली जाते. क्लचचा स्विच जोडून टाकला, तर चुकून बटण लागताच गिअरमधली गाडी पुढे धावते.

नवा स्विच मिळेपर्यंत बोटीत गाडी न्यूट्रलला ठेवा आणि पुढचा ब्रेक धरून तिच्यावरच बसून राहा.