स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर नांगर टाकताना: पुण्याहून येणाऱ्यांसाठी

खडकवासल्याच्या पाण्यात डिंगी चालवलेले किंवा मुंबईत यॉटवर हात बसलेले पुणेकर नोकरीसाठी ग्लासगो-एडिंबराला येतात, तेव्हा शीड सांभाळायला त्यांना नव्याने शिकावं लागत नाही. अडतं ते रात्रीच्या मुक्कामावर. धरणात संध्याकाळी बोट काठावर ओढून घरी जाता येतं. इथे ओबान बंदरातून निघालात की मुक्काम एखाद्या लॉखमध्ये, म्हणजे जमिनीत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यात, स्वतःच्या नांगरावर. ती जागा पोहोचताना वाहणारा वारा बघून निवडायची नाही. पहाटे तीनला जो वारा असेल, त्याच्यासाठी निवडायची.

आपल्या अंगवळणी पडलेलं हवामान वेगळं आहे. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा महिनोन्‌महिने टिकतो, एरवी किनाऱ्यावर दिवसा खारे वारे आणि रात्री मतलई. इथे अटलांटिकवरून कमी दाबाचे पट्टे एकामागून एक येतात आणि एका दिवसात वारा अर्धं वर्तुळ फिरतो. पट्टा तुमच्या उत्तरेकडून जात असेल, आणि बहुतेक वेळा तो तसाच जातो, तर क्रम ठरलेला असतो. आधी उंचावर पिंजलेले ढग, मग सूर्याभोवती खळं. बॅरोमीटर उतरू लागतो, वारा दक्षिण-आग्नेयेकडून वाढतो, पाऊस लागतो. उष्ण आघाडी, म्हणजे उबदार हवेची पुढची कड, पुढे सरकली की वारा नैर्ऋत्येला येतो, हवा कोंदट होते आणि झिमझिमीत डोंगर दिसेनासे होतात. शेवटी शीत आघाडी, म्हणजे थंड हवेची कड: एक जोरदार सर, आणि काही मिनिटांत वारा वायव्येला. आकाश निवळतं, नवखा माणूस निर्धास्त होतो. खरे झोत मात्र त्यानंतर सुरू होतात. दक्षिणेच्या वाऱ्याला आडोसा म्हणून निवडलेली जागा उत्तरेकडे उघडी असेल, तर आता लाटा थेट आत येतात आणि बोटीच्या मागे खडक असतात.

म्हणून अंदाज ऐकताना वाऱ्याच्या जोराइतकंच त्याचं वळण आणि वेळ टिपा. मेट ऑफिसचा, म्हणजे ब्रिटनच्या हवामान खात्याचा, किनारी पाण्याचा अंदाज विभागवार असतो. ओबानच्या आसपास ‘मल ऑफ किंटायर ते आर्डनामर्कन पॉइंट’ हा विभाग बघायचा. कोस्टगार्ड तो दर तीन तासांनी व्हीएचएफ रेडिओवर वाचतं. आधी चॅनल 16 वर पुकारा होतो, मग पुढचा चॅनल सांगतात. ‘व्हीअरिंग’ म्हणजे वारा घड्याळाच्या दिशेने फिरणार, ‘बॅकिंग’ म्हणजे उलट. ‘इमिनंट’ म्हणजे सहा तासांच्या आत, ‘सून’ म्हणजे सहा ते बारा तासांत, ‘लेटर’ म्हणजे बारा तासांनंतर. संध्याकाळी 6 च्या अंदाजात ‘साउथवेस्ट 5 टू 7, व्हीअरिंग नॉर्थवेस्ट सून’ असं असेल, तर वारा मध्यरात्र ते सकाळी सहाच्या दरम्यान फिरणार, म्हणजे नेमका तुमच्या झोपेत. अशा संध्याकाळी वायव्येला जमीन असलेली खाडीच शोधा, मग त्यासाठी आणखी तासभर शीड ओढावं लागलं तरी चालेल. अंदाजातले 5, 7 हे बोफोर्ट मापनातले आकडे सरासरी वाऱ्याचे असतात, झोतांचा वेग त्याहून 40 टक्क्यांपर्यंत जास्त असू शकतो. बॅरोमीटर दर तासाला वहीत लिहा. तीन तासांत साडेतीन हेक्टोपास्कलहून जास्त पडला तर अंदाज सौम्य असला तरी बाहेर पडू नका.

उंच डोंगर म्हणजे चांगला आडोसा, हा समज इथे महागात पडतो. वारा कड्यावरून घसरत खाली येतो आणि दोन-तीन बाजूंनी फटके मारतो. स्काय बेटावरच्या कुलिन डोंगरांच्या पायथ्याचा लॉख स्काविग याच झोतांसाठी बदनाम आहे. बुटकी टेकडी आणि काठावर सरळ वाढलेली झाडं दिसली, तर ती जागा बहुतेक वेळा जास्त शांत असते.

आता नांगर. दहा मीटरच्या यॉटला नव्या घडणीचा साधारण 15 किलोचा नांगर आणि 8 मिलिमीटरची 50 ते 60 मीटर साखळी लागते. ओबानला उधाणाच्या वेळी पाणी सव्वातीन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत, मीटरभर. ओहोटीला पाण्याची पूर्ण खोली 4 मीटर, भरतीचे 3.3 आणि पाण्यापासून नाळेपर्यंतची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापर्यंतची, उंची 1 धरली, तर एकूण 8.3. पूर्ण साखळी असेल तर याच्या चौपट, म्हणजे 33 मीटर हे किमान. आम्ही पाचपट, म्हणजे 42 मीटर सोडतो. साखळीला दोर जोडला असेल तर सहापट. खोली दाखवणारं यंत्र पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजतं की किलच्या (बोटीच्या बुडाखालच्या पात्याच्या) तळापासून, हे आधी तपासा. नवखे बहुतेक वेळा इथेच चुकतात.

वाऱ्याच्या तोंडाला हळूहळू जा, बोट पूर्ण थांबू द्या, नांगर तळाला टेकवा. बोट मागे सरकेल तशी साखळी सोडा. एकदम ओतली तर तिचा ढीग नांगरावरच बसतो आणि पाती अडकतात. ठरलेली साखळी सुटली की इंजिन उलट्या गिअरमध्ये टाका, आधी मंद, मग हळूहळू अर्ध्या ताकदीपर्यंत, आणि मिनिटभर तसंच ठेवा. या वेळी साखळीवर तळवा ठेवा. नांगर रुतला असेल तर ती ताठ आणि स्थिर लागते. खडखड, थरथर जाणवली तर तो दगडांवरून किंवा केल्पवरून घसरतोय. केल्प म्हणजे चामड्यासारख्या जाड पानांचं समुद्री शेवाळ. त्यात नांगर क्षणभर अडकतो आणि जोर वाढला की मुळासकट गठ्ठा घेऊन सुटतो. कॅना बेटाच्या बंदरात हा त्रास नेहमीचा आहे. नांगर वर घ्या, गठ्ठा सुरीने कापून काढा, दुसऱ्या जागी टाका. निवळ पाण्यात तळाचा फिकट ठिपका म्हणजे वाळू, काळपट म्हणजे केल्प.

नंतर साखळीला पाच-सहा मीटरचा नायलॉन दोर हुकाने अडकवून ताण त्याच्यावर घ्या. झटके तोच पचवतो. दिवसा नाळेकडे काळा गोळा, रात्री सर्व बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा, दोन्ही नियमाने लागतात.

ऑगस्टमध्येही पाणी 13-14 अंशांचं असतं. त्यात पडलं की पहिली एक-दोन मिनिटं श्वास आवरत नाही, त्यामुळे पट्टीचा पोहणाराही पाणी गिळतो. काठावर जाताना छोट्या डिंगीतही लाइफजॅकेट अंगात हवं. केबिनमध्ये डिझेल हीटर लावून झोपणार असाल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवाच. वारा पडलेल्या ढगाळ संध्याकाळी मिज नावाची चिलटं फोडून काढतात, म्हणून काठापासून जमेल तेवढं लांब थांबा.

झोपण्याआधी बोटीच्या आडव्या रेषेत काठावरच्या दोन खुणा एकापाठी एक धरून ठेवा, दिसतील अशा: घराचा दिवा, खडकाची कड. फोनवर नांगराचा अलार्म लावा. खाडीतून बाहेर पडायचा कंपासचा कोन आणि खडकांची जागा कागदावर लिहून सुकाणूजवळ ठेवा. रात्री नांगर घसरला तर आधी इंजिन सुरू करा. मागे जागा असेल तर आणखी साखळी सोडा, नसेल तर नांगर उचला आणि कागदावरच्या कोनाने बाहेर पडा.