समेवर यायची सवय

पंधरा वर्षं तबला शिकून मी लंडनला आलो आणि इथल्या फ्री इम्प्रोव्हायझेशनच्या, म्हणजे आधी काहीच न ठरवता एकत्र वाजवायच्या बैठकांना जायला लागलो. वाटलं, उपज, म्हणजे ऐनवेळी सुचेल ते वाजवणं, तर आपल्याकडे पहिल्यापासून आहे, यात अवघड काय? पहिली दोन वर्षं सपाटून आपटलो. तुमचा हात तयार आहे, लय पक्की आहे असं धरूनच पुढचं लिहितो.

एका संध्याकाळी आम्ही तिघं वाजवत होतो : सॅक्सोफोन, चेलो आणि मी. सातेक मिनिटं झाली असतील. सॅक्सोफोनवाल्याने एक फाटका सूर धरला होता, एकाच फुंकेत दोन-तीन स्वर ऐकू येत होते. चेलो त्याच्या खाली हळूहळू सरकत होता. मला काही सुचेना आणि हातातून एक तिहाई निघून गेली : एकच तुकडा तीनदा, आणि शेवटचा ‘धा’ समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर. तिसरा ‘धा’ पडला, टाळ्या पडल्या, वादन संपलं. नंतर सॅक्सोफोनवाला शांतपणे म्हणाला, “तू संपवलंस. आमचं संपलं नव्हतं.”

हे नीट समजून घ्या. तिहाईचा पहिला पल्ला पडतो तेव्हा ती नुसती एक जागा असते. दुसरा आला की ऐकणाऱ्याच्या कानाला तिसऱ्याची चाहूल लागते आणि तिसरा पडला की सगळे सुटकेचा श्वास टाकतात. ज्याने ‘सम’ हा शब्दही ऐकलेला नाही, त्यालाही हे कळतं. ठेक्याचंही तसंच. आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, दोनदा फिरलं की समोरच्याचे कान त्यात अडकतात. मग तो तुमच्या मागून येतो किंवा तुमच्याशी झगडतो आणि दोन्हीत त्याचं स्वतःचं चाललेलं सुटतं. मला वाटायचं मी साथ करतोय. प्रत्यक्षात मी दोन जाणत्या वादकांना लेहरा, म्हणजे तबलजीसाठी तीच ती धून, धरायला लावत होतो!

आणि तिहाई बहुतेक वेळा भीतीतून येते. काही सुचत नसतं, शांतता नको असते, हात आपला ओळखीच्या घराकडे धावतो. पुढचे सहा महिने रेकॉर्डिंग ऐकताना प्रत्येक तिहाईच्या आधी मला तीच घाबरगुंडी ऐकू यायची.

मग मी उलट्या टोकाला गेलो. लय दिसली की मोडायची, नुसती खरखर आणि टकटक. तेही तितकंच खोटं. डच ड्रमर हान बेनिंक ऐका. १९६७ साली इन्स्टंट कंपोझर्स पूल हा वादकांचा गट सुरू करणाऱ्यांपैकी हा एक. तो खुर्ची वाजवतो, जमीन वाजवतो आणि मध्येच असा झुलता ठेका धरतो की पाय थांबत नाहीत. लयीला बंदी नाहीच. ती कशासाठी आली, एवढंच विचारायचं. त्यामुळे शिकलेलं सगळं पुसायला निघू नका. पंधरा वर्षांचा रियाज वाया गेलेला नाही. मला तसं वाटून काही रात्री झोप लागली नव्हती.

मला वाचवलं ते जॉन स्टीव्हन्स या ड्रमरच्या दोन साध्या अभ्यासांनी. एकात प्रत्येकाने आपल्या वाद्यावर जमेल तेवढा तोकडा आवाज काढायचा, दुसऱ्यात जमेल तेवढा लांब. तोकडा आपल्याला येतो, ‘ते’ किंवा ‘टे’ आहेच. लांबच्या वेळी मात्र मी उघडा पडलो, कारण तबल्याचा प्रत्येक आवाज जन्मतःच विरायला लागतो.

तिथून ड्रमसेटमधली झांज आणि गज (चेलो वाजवायचा असतो तसा) हातात आला. झांजेची कड गजाने घासताना आधी काहीच येत नाही, कोरडी सळसळ येते. राळ जास्त लावा, झांज मधोमध बोटांनी धरा, गज कडेला उभा ठेवून सावकाश ओढा. दाब वाढवला की आवाज गुदमरतो. सूर सापडला की कड बोटाखाली थरथरते आणि तो कुठे थांबेल हे तुम्ही ठरवू शकत नाही, ऐकतच बसावं लागतं. एएमएम या १९६५ च्या लंडनच्या गटातले एडी प्रेव्हो टॅमटॅमवर, म्हणजे मोठ्या टांगत्या घंटेच्या थाळीवर, गज चालवतात ते ऐकलंत तर लक्षात येईल की तालवादक नुसता श्वासाएवढा आवाजही धरून ठेवू शकतो. आपल्या मुंबईचे, शोभा गुर्टूंचे चिरंजीव, तालवादक त्रिलोक गुर्टू वाजती घंटा पाण्याच्या बादलीत बुडवतात आणि सूर वाकतो. तबल्याच्या हाताला हे परकं नाही, डग्ग्यावर मनगट सरकवून आपण तेच करतो.

यापलीकडे सामान घेऊ नका. वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा फिरवणारं लूप पेडल तर अजिबात नको, ते विकत घेतलेलं आवर्तनच आहे. “मन मोकळं सोड” एवढं सांगून फी घेणारे मार्गदर्शकही भेटतील. एकाकडे मी वर्षभर पैसे भरले, त्याने माझं एकही रेकॉर्डिंग ऐकलं नाही. त्यापेक्षा प्रेव्होंनी १९९९ मध्ये सुरू केली तशी दर आठवड्याची कार्यशाळा शोधा, जिथे अनोळखी माणसांसोबत वाजवावं लागतं.

एक बारीक गोष्ट : स्नेअर (खालच्या कातड्यावर तारा ताणलेला ड्रम) नेत असाल तर तुम्ही वाजवत नसताना खालच्या तारा सोडून ठेवा. चेलोचा खालचा सूर लागला की त्या आपोआप झणझणतात. मला हे कळायला चार बैठका लागल्या. तोवर चेलोवाली बिचारी दर वेळी वाजवता वाजवता माझ्याकडे बघायची आणि मला वाटायचं, तिला माझं वाजवणं आवडतंय.