वळवाआधी उतार बघा, मग औत घाला

पाऊस कमी पडला म्हणून कोरडवाहू पीक गेलं, असं आपण म्हणतो. मी पाहिलेल्या बहुतेक रानांत पाऊस पडला होता, पण पाणी रानात थांबलं नव्हतं. कारण एकच: नांगरट आणि पेरणी उताराच्या दिशेने. तास लांब मिळतं, ट्रॅक्टर कमी वेळा वळवावा लागतो, एवढ्यासाठी.

हवा एका अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणून सरी मोठ्या येतात आणि मधले खंड लांबतात. 50 मिलिमीटरची एक सर म्हणजे हेक्टरी 5 लाख लिटर पाणी. त्याबरोबर फक्त 1 मिलिमीटर माती गेली तरी हेक्टरी साधारण 13 टन जाते, आणि सेंद्रिय कर्ब नेमका त्याच वरच्या थरात असतो.

वळीव तोंडावर आहे. बाकी कामं मागे ठेवा, आधी उतार मोजा. पारदर्शक नळीत पाणी भरा, दोन्ही टोकांना पातळी सारखी येईल तिथे खुणा करा आणि त्या रेषेला धरूनच वखरणी-पेरणी करा. भारी काळ्या रानात तासाला किंचित ढाळ ठेवा, नाहीतर पाणी तुंबून मुळं सडतात.

बाकीची कामं:
- धसकटं जाळू नका, रानातच पसरा
- फुटलेले बांध आणि सांडवे दुरुस्त करा
- बीजप्रक्रिया (पेरणीआधी बियाण्याला औषध चोळणं)
- ओल वीतभर खोल गेल्याशिवाय पेरू नका (हा माझा अंदाज, पण सहसा चुकत नाही)
- सोयाबीन, कपाशीत 30 ते 35 दिवसांनी दर 4 ओळींनंतर सरी (चर) पाडा
- पावसात खंड पडल्यास 13:00:45 (पोटॅशियम नायट्रेट हे विद्राव्य खत), लिटरला 10 ग्रॅम, फवारणी

पाणी धरणारी महागडी पावडर दुकानदार गळ्यात मारतील. हायड्रोजेलची शिफारस हेक्टरी 2.5 ते 5 किलोची आहे, पण ते मुरलेलंच पाणी धरतं. उताराच्या दिशेच्या तासातून निघून गेलेलं पाणी ते कुठून धरणार? ते पैसे बांधाला लावा.

पहिल्या मोठ्या सरीनंतर रानाच्या खालच्या टोकाला जाऊन बघा. पाणी गढूळ वाहत असेल तर उतार चुकलाय. तोवर उताराच्या दिशेने पेरून झालं असेल तर मोडू नका. पीक उगवलं की ओळींमध्ये सऱ्या पाडा आणि त्यात दर चार-पाच पावलांवर मातीचे आडवे अडसर घाला. हे काम पुढच्या सरीच्या आत झालं पाहिजे.