गायतोंडे बघून गोधडी शिवताना

अमूर्त चित्रावरून गोधडी करायची म्हटलं की बहुतेक जण डच चित्रकार मोंद्रियानकडे वळतात. चौकोन, सरळ काळ्या रेघा, मोजके रंग. कापडात उतरवायला सोपं वाटतं. माझं मत उलटं आहे. त्या चित्रातली रेघ दोन सूत सरकली तरी डोळ्यांना खुपते, आणि नवशिक्याची शिवण दोन सूत सरकतेच. म्हणून मी वासुदेव गायतोंडे निवडले.

गायतोंडे (१९२४–२००१) जन्मले नागपुरात, शिकले मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि पुढे दिल्लीत स्थायिक झाले. ब्रशपेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफवर त्यांची भिस्त. रंगाचा थर द्यायचा, थोडा काढायचा, वर पुन्हा पातळ थर. खालचा रंग वरच्यातून झिरपत राहतो. वर्षानुवर्षं धुतलेल्या सुती लुगड्याचा रंग असाच दिसतो. त्यामुळे या चित्राला दुकानातलं नवं कापड मला चालेना. घरातल्या, शेजारच्या जुन्या साड्या गोळा केल्या.

जमलं तर मूळ चित्र प्रत्यक्ष बघा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या जहांगीर निकल्सन संग्रहात गायतोंडेंची चित्रं आहेत. मांडणी बदलत असते, तेव्हा जाण्याआधी चौकशी करा. फोनच्या पडद्यावर थर दिसत नाहीत, नुसता रंग दिसतो.

आणि रंगावरच नवशिके अडकतात. चित्रातला नेमका पिवळा शोधत बाजार पालथा घालण्यात अर्थ नाही. चित्राचा फोटो फोनवर कृष्णधवल करा. साड्या जमिनीवर पसरून त्यांचाही तसाच फोटो काढा. मग पाच ढीग लावा: काळपट, गडद, मधला, फिकट, जवळजवळ पांढरा. गडद-फिकट जुळलं की पिवळ्याच्या जागी मातकट हिरवा लावला तरी चित्र उभं राहतं. छापील साडी उलटी केली तर त्याच रंगाची फिकी छटा फुकट मिळते. गायतोंडेंसाठी मी बरीचशी कापडं उलटीच लावली.

मला टाका शिकवला तो कोल्हापूरकडच्या एका आक्कांनी. चित्र दाखवलं तर त्यांनी एकच विचारलं, "पांघरायचीय का टांगायचीय, ते आधी ठरीव." प्रश्न अगदी नेमका होता. पांघरायची असेल तर आत दोन-तीन जुन्या साड्यांचे थर, वर मऊ सूतच, टाके जवळजवळ. टांगायची असेल तर आत एकच थर पुरे, नाहीतर वजनानं मधे झोळ येतो. आणि वरच्या कडेला मागून चार बोटं रुंद पट्टी शिवून तिच्यात काठी घालायची.

तुकडे आधी एकमेकांना जोडायचे की थेट अस्तरावर लावत जायचं? मशीनवर जोडणार असाल तर हिशेब लक्षात ठेवा: दोन्ही बाजूंना पाव-पाव इंच दाब (शिवणीच्या आत जाणारं कापड) धरला तर दहा तुकड्यांच्या एका रांगेत नऊ शिवणी आणि साडेचार इंच कापड गायब. अशा चित्रासाठी मला दुसरी रीत बरी वाटते. अस्तर आणि आतला थर अंथरून कच्च्या टाक्यांनी धरून ठेवायचे, तुकड्यांच्या कडा आत दुमडायच्या, एकाच्या कडेवर दुसरा चढवत धावदोरा घालत कडेकडून मध्याकडे यायचं. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी (त्यांची गोधडी) अशाच शिवतात. यात तुकडा वाकडा बसला तरी बिघडत नाही, शेवटच्या क्षणी तो बदलताही येतो.

धावदोऱ्याकडे नीट बघा, कारण चित्राचा पोत त्यातूनच येतो. दोन ओळींत बोटभर अंतर ठेवलं तर कापड सपाट दिसतं. तेच अंतर अर्ध्यावर आणलं की मधे बारीक वळ्या उठतात आणि तिरक्या उजेडात पृष्ठभाग हलल्यासारखा वाटतो. गडद भागावर फिका दोरा घातला की ठिपके उमटतात, फिक्यावर त्याच रंगाचा घातला की फक्त सावली राहते. हे सगळं आधी वीतभर चौकोनावर करून बघा. पहिल्याच दमात डबल बेडची गोधडी काढू नका. तीन फुटी दुपटं भरपूर झालं.

लाल आणि मरून साड्यांवर भरवसा ठेवू नका. ओला पांढरा रुमाल घासा. रंग लागला तर ती साडी बाजूला. खण मोहात पाडतो, पण बऱ्याच खणांत रेशीम किंवा कृत्रिम धागा असतो, धुतल्यावर तो सुताबरोबर आटत नाही आणि चुण्या पडतात.

विकायचा विचार असेल तर एक गोष्ट. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क टिकतो, म्हणजे गायतोंडेंच्या चित्रांवर तो २०६१ अखेरपर्यंत आहे. चित्र हुबेहूब उतरवून विकायचं तर परवानगी लागेल. थर देण्याची पद्धत मात्र कुणाच्या मालकीची नाही. ती घ्या आणि आकार, मांडणी स्वतःची करा. पाउल क्ले १९४० साली गेले, त्यांची चित्रं आपल्याकडे मोकळी आहेत. त्यांचे रंगीत चौकोन थोडे वाकडेच असतात, पहिल्या गोधडीला तेही चालतील.