रोमन शिपायाची ढाल (स्कूटम) कशी बनवावी

स्कूटम बनवताना सर्रास होणारी चूक म्हणजे 12 मिमीचं प्लायवूड आणून त्यातून सपाट फळी कापणं. त्या ढालीचं नुसतं लाकूडच सहा किलोच्या आसपास जातं. शिवाय ती सपाट असल्यामुळे अंगाच्या बाजू उघड्याच राहतात. खरी ढाल पातळ आणि वाकवलेली होती. सीरियात दुरा-युरोपोस इथे 1930च्या दशकात तिसऱ्या शतकातली एक ढाल सापडली. ती आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात आहे. तिची उंची 105.5 सेमी आणि जाडी जेमतेम 5–6 मिमी. चिनाराच्या लाकडाच्या दीड-दोन मिमी जाड पट्ट्यांचे तीन थर एकमेकांना काटकोनात चिकटवून ती बनवली आहे. प्लायवूडचं तत्त्व तेच. वाकामुळे तिला जी ताठरता येते ती नळीच्या कौलासारखी असते: पातळ असूनही भार सोसते. म्हणून जाडी वाढवू नका, वाक नीट जमवा.

सामान

3 मिमी प्लायवूडचा 8 × 4 फुटी एक ताव, साच्यासाठी 18 मिमी प्लायचे तुकडे, 110 सेमी लांबीच्या 25 × 12 मिमी लाकडी पट्ट्या सुमारे 30, पाण्याने न सुटणारा फेविकॉल 1 किलो, मांजरपाट 3 मीटर, कच्चं चामडं, मधल्या वाटीसाठी पितळी पत्रा आणि मुठीसाठी टणक लाकूड.

ताव कापताना वरच्या थराचे रेषे ढालीच्या उंचीच्या दिशेने आले पाहिजेत. रेषे आडवे गेले तर प्लाय वाकताना करकरतो आणि मधोमध तडकतो. 8 फुटांच्या बाजूला 110 सेमी आणि 4 फुटांच्या बाजूला 90 सेमी धरलं, की असे दोन तुकडे एका तावात निघतात.

साचा

सगळा वेळ इथे घाला. 18 मिमी प्लायमधून 35 सेमी त्रिज्येच्या पाच कमानी कापा. प्रत्येकीचा तळ सुमारे 66 सेमी आणि मधली उंची 24 सेमी येईल. त्या 27 सेमी अंतरावर उभ्या करून वरून पट्ट्या लांबीच्या दिशेने ठोका. एक जरी कमान अर्धा सेंटिमीटर खाली राहिली, तर तिथे ढालीला कायमचा खड्डा पडतो. म्हणून ठोकण्याआधी पाचही कमानींवर सरळ पट्टी ठेवून उजेड दिसतो का ते बघा. साच्यावर प्लास्टिकचा कागद अंथरा, नाहीतर ढाल साच्यालाच चिकटून बसेल.

थर चिकटवणं

पहिला तुकडा साच्यावर ठेवा, त्यावर ब्रशने गोंद एकसारखा पसरा आणि दुसरा तुकडा बसवा. ट्रकमधला माल आवळायचे पट्टे किंवा सायकलच्या ट्यूबच्या लांब पट्ट्या घेऊन आवळत जा. सुरुवात नेहमी मधल्या उभ्या रेषेपासून करा आणि हळूहळू दोन्ही कडांकडे या. कडा आधी आवळल्या तर हवा मध्ये अडकते. वाळल्यावर बोटाने टकटक केलं की अशी जागा पोकळ वाजते. कोरड्या हवेत 24 तास थांबा, पावसाळ्यात 48. साच्यावरून काढल्यावर ढाल थोडी उघडते, त्यात बिघडलं काही नाही.

आता कडा 105 × 84 सेमीवर कापा. 84 हे माप वाकावरून घ्यायचं. समोरून ढाल सुमारे 66 सेमी रुंद दिसेल. मधोमध 12 सेमी व्यासाचं भोक पाडा.

मूठ

मूठ आडवी असते. डाव्या हाताने ती वरून धरायची आणि हात खाली सोडायचा, जशी बॅग उचलतो तशी. आपल्याकडच्या गोल ढालीला मागे गादी आणि दोन पट्टे असतात. ती सवय इथे आणू नका. मूठ उभी लावली तर ढालीचा सगळा भार मनगटाला पिळतो.

24 सेमी लांब आणि 2.5 सेमी जाड दांडा घ्या. ढाल आतून खोलगट असल्याने सरळ दांड्याची फक्त टोकं टेकतात आणि मध्ये सुमारे 2 सेमी फट राहते. ती बुजवू नका, बोटांना तीच जागा मिळते. टोकं मात्र रंध्याने तिरकी करा, म्हणजे ती लाकडावर पूर्ण बसतील.

मधली वाटी (अंबो)

ही बोटांची पेरं वाचवते. शत्रूला रेटायलाही हीच वापरायची. आतली खोली किमान 5 सेमी हवी. उथळ वाटीत पहिल्याच धक्क्याला पेरं सोलपटतात. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम (पत्रा हातोडीने ठोकून घडवण्याचं काम) करणाऱ्या कारागिराला 1.2 मिमी पत्र्याची अशी वाटी सहज ठोकता येते. वाटीभोवतीची पत्र्याची चौकट ढालीच्या वाकाप्रमाणे वळवून घ्या आणि आठ रिव्हेटांनी बसवा, पण कापड आणि रंगाचं काम झाल्यावरच.

कापड आणि कडा

इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातला ग्रीक इतिहासकार पॉलिबियस सांगतो, की ढालीवर आधी कापड आणि मग वासराचं कातडं चढवत. दोन्ही बाजूंनी गोंदात भिजवलेला मांजरपाट लावा. एकाच बाजूला लावला तर वाळताना तो ओढतो आणि वाक बदलतो.

कडांना पितळी पन्हळीऐवजी कच्चं चामडं शिवा. दुराच्या ढालीलाही तेच होतं. ढोलकी मढवणाऱ्यांकडे ते मिळतं. 4 सेमी रुंद पट्टी रात्रभर पाण्यात भिजवा आणि कडेवर दुमडा. कडेपासून 1 सेमी आत, दर 2.5 सेमीवर भोक पाडत शिवा. अशी सुमारे 150 भोकं होतात. ओलं चामडं ताणून शिवू नका. वाळताना ते आपोआप आवळतं. आधीच ताणलेलं असेल तर टाके भोकं फाडून बाहेर येतात.

रंग आणि गवसणी

दुराच्या ढालीची जमीन लाल आहे आणि तिच्यावर गरुड, विजयदेवता आणि सिंह रंगवले आहेत. त्यावरून सगळ्या रोमन ढाली लालच होत्या असं ठरत नाही. रोममधल्या ट्रेजनच्या स्तंभावर (इ.स. 113) ढालींवर पंख आणि वज्र कोरलेले दिसतात, ती नक्षीही घेता येईल.

बकरीच्या कातड्याची गवसणी जरूर शिवा. ओल धरली की लाकूड फुगतं, थर सुटतात, आणि प्राण्यांच्या कातड्यापासून केलेला जुना सरस तर आणखी लवकर सुटायचा. इ.स.पू. 57 मध्ये गॉलमधल्या (आजचा फ्रान्स-बेल्जियमचा भाग) साबिस नदीकाठी तिथल्या नेर्वी टोळीने रोमन सैन्यावर इतक्या अचानक हल्ला केला, की शिपायांना शिरस्त्राण घालायला आणि ढालींच्या गवसण्या काढायलाही वेळ मिळाला नाही, असं रोमन सेनापती सीझरने लिहून ठेवलं आहे. म्हणून गवसणीला घट्ट गाठी मारण्यापेक्षा एका ओढीत सुटणारी नाडी घाला.

तयार ढाल सुमारे 6 किलोची भरायला हवी. त्याहून बरीच जड झाली, तर गोंदाचे जादा थर किंवा जाड वाटी यांतच कारण सापडेल.