सेकंडहँड इनोव्हा-अर्टिगा घेतलीय? पावसाळ्याआधी काचांचं हे सगळं बघून घ्या

सात सीटर जुनी गाडी घेताना सगळे इंजिन बघतात, टायर बघतात, सर्व्हिस रेकॉर्ड मागतात आणि काचांच्या बाबतीत मात्र ड्रायव्हरची काच एकदा खाली-वर केली की झालं. मग जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस आला की एक काच अर्ध्यात अडकते, मधल्या सीटच्या पायाशी पाणी साचतं, घाटात समोरचं काही दिसेनासं होतं आणि मागे लहान मुलं बसलेली असतात. यातलं बरंचसं घरी, सुट्टीच्या एका सकाळी निस्तरता येतं. आणि माझं ठाम मत असं की जुन्या गाडीत काच जड चालली तर मोटर बदलायची घाई अजिबात करू नका, कारण बऱ्याचदा दोष रबरात साठलेल्या धुळीचा असतो.

आधी गाडी चालू ठेवून सगळ्या काचा एकेक करून पूर्ण खाली-वर करा. इंजिन बंद असताना नको, बॅटरी जुनी असेल तर सगळ्याच काचा मंद चालतात आणि मग दरवाजाचा दोष कुठला आणि बॅटरीचा कुठला ते कळत नाही. गाडी चालू असूनही चारही मंद असतील तर बॅटरी, अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा) चेक करून घ्या, एकच मंद असेल तर त्याच दरवाजात काहीतरी आहे. आता कान द्या. बटण दाबल्यावर मोटरचा आवाज येतोय पण काच हलत नाही म्हणजे रेग्युलेटरची, म्हणजे काच खाली-वर नेणाऱ्या यंत्रणेची, केबल तुटली किंवा काच धरणारी प्लास्टिकची क्लिप गेली. काहीच आवाज नाही म्हणजे करंट पोचत नाही, फ्यूज, स्विच किंवा वायर. मागच्या दरवाजाची काच ड्रायव्हरच्या बटणांवरून चालते पण तिच्या स्वतःच्या बटणावरून चालत नाही, तर आधी ड्रायव्हरकडचं विंडो लॉकचं बटण दाबलेलं नाही ना ते बघा (हे हसण्यावारी नेऊ नका, कितीतरी गाड्या फक्त एवढ्यासाठी गॅरेजला जातात), ते ठीक असेल तर त्या दरवाजाचा स्विच खराब. ड्रायव्हरच्या बटणांचा सेट पावसात काच उघडी राहून भिजला असेल तर आतले पॉइंट काळे पडतात, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून सुधारतात कधीकधी, नाहीतर सेटच बदलायचा. आणि दरवाजा उघडल्यावर बिजागरीजवळ जी रबरी नळी दिसते ना, त्यातून वायर जातात, दरवाजा हजारो वेळा उघडझाक होऊन त्या आतल्या आत तुटतात. दरवाजा थोडा उघडून, थोडा लावून बटण दाबून बघा, एका ठरावीक जागी काच चालायला लागली की समजा वायरच आहे.

आता मुख्य काम, रबर. काच ज्या खाचेतून वर जाते तिच्यात आपल्याकडची लाल माती, सिमेंटची धूळ, हायवेचा काळा मळ वर्षानुवर्षं बसलेला असतो आणि रबर कडक होऊन काचेला धरून ठेवतं, मोटर बिचारी ओढत राहते, गरम होते आणि शेवटी जळते, म्हणून नवीन मोटर टाकली तरी वर्षभरात पुन्हा तेच. काच पूर्ण खाली करा, जुन्या प्लास्टिकच्या पट्टीला किंवा बाद झालेल्या एटीएम कार्डाला मायक्रोफायबरचा कपडा गुंडाळा, कार शाम्पूच्या पाण्यात बुडवून पिळा आणि दोन्ही बाजूंच्या आणि वरच्या खाचेतून फिरवा, कपडा काळा यायचा थांबेपर्यंत. खालच्या आडव्या पट्टीतही फिरवा, तिथली वाळूच काचेवर उभे ओरखडे काढते. पूर्ण सुकू द्या. मग सिलिकॉन स्प्रे, नळी लावून, थेट खाचेत मारायचा आणि काच सात-आठ वेळा खाली-वर करायची. फरक लगेच कळतो, आवाज बदलतो. काचेवर उडालेलं सिलिकॉन मात्र नीट पुसून घ्या आणि पुढच्या काचेवर तर एक थेंबही नको, वायपर फरफरायला लागतात.

ग्रीस, इंजिन ऑइल, डब्ल्यूडी-४०, खोबरेल तेल यातलं काहीही रबरात घालू नका. पेट्रोलियमच्या तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं, खोबरेल चिकट होतं, आणि दोन्हीवर धूळ आधीपेक्षा जास्त बसते. टाल्कम पावडर कोरड्या दिवसांत चालून जाते पण पावसात तिचा लगदा होतो.

एवढं करूनही काच तिरकी चढत असेल किंवा कटकट आवाज येत असेल तर रेग्युलेटर गेलाय, त्यासाठी दरवाजाचं पॅड, म्हणजे आतलं आवरण, उघडावं लागतं. हे स्वतः करायचं असेल तर हँडलच्या मागचे आणि आर्मरेस्टमधले स्क्रू आधी शोधा, क्लिपा प्लास्टिकच्या हत्याराने उचका, आणि नवीन क्लिपा आधीच आणून ठेवा कारण जुन्या तुटणारच. काच टेपने वर घट्ट बांधल्याशिवाय मोटरचे बोल्ट सोडू नका, काच धाडकन खाली येते आणि बोटं तिथेच असतात. पॅडच्या मागे एक प्लास्टिकचा पडदा चिकटवलेला असतो, तो फाडायचा नाही, का ते पुढे सांगतो. बॅटरी काढली असेल तर नंतर ड्रायव्हरची ऑटो काच कधीकधी एका दाबात चालत नाही, बऱ्याच गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद ओढून धरलं की ती परत शिकते, तुमच्या मॉडेलची पद्धत मॅन्युअलमध्ये असते.

प्रवासात काच खाली पडलीच तर दोघांनी दोन्ही बाजूंनी तळवे काचेला दाबून तिला वर सरकवा, एकाने बटण वर धरा, आणि वर आली की वरून टेप मारून तशीच गॅरेजला न्या.

आता पाणी. दरवाजात पाणी जाणं हा दोष नाहीच, काचेच्या बाहेरच्या पट्टीतून थोडं पाणी आत जातंच आणि दरवाजाच्या खालच्या कडेला भोकं ठेवलेली असतात त्यातून निघून जातं. ती भोकं चिखलाने बुजली की दरवाजा हंड्यासारखा भरतो, ब्रेक मारला की आत डुबुकडुबुक आवाज येतो आणि आतून गंज चढतो. दरवाजा उघडून खालची कड हाताने चाचपा, काडीने किंवा केबल टायने भोकं मोकळी करा. आणि तो प्लास्टिकचा पडदा फाटलेला असेल, आधीच्या मालकाने स्पीकर बसवताना बहुतेक फाडलेलाच असतो, तर हेच पाणी पॅडमधून आत मॅटवर येतं. ब्युटाइल टेप (चिकट रबरी टेप) मिळते, तिने पडदा परत चिकटवा, फेविकॉल किंवा साधी टेप पहिल्याच पावसात सुटते.

पाणी नक्की कुठून येतं हे अंदाजाने ठरवू नका. एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाइपने, जोर न लावता, खालून सुरुवात करून हळूहळू वर पाणी सोडायचं, प्रत्येक जागी दोन-तीन मिनिटं. वरून सुरू केलंत तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काही कळत नाही. दरवाजाच्या रबराचं कळायला दहाची नोट पुरते, नोट मध्ये ठेवून दार लावा आणि ओढा, सहज सुटली तर तिथे रबर दबलंय, हायवेला वाऱ्याची शिट्टीही तिथूनच येते.

पुढच्या सीटच्या पायाशी ओल असेल तर दोन शक्यता. पाऊस नसताना एसी चालवल्यावर येते तर एसीच्या पाण्याची नळी चोंदलीय, काचेचा संबंध नाही. फक्त पावसात येते तर बॉनेट उघडून वायपरच्या खालची जाळी बघा, झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत तिथे पानांचा खच असतो आणि पाणी वाट फुटेल तिकडे जातं. तेही साफ असेल तर बहुतेक पुढची काच कधीतरी बदललेली आहे आणि नीट चिकटवलेली नाही. अशा काचेला बाहेरून सिलिकॉन फासून देणारे भेटतील, त्यांना नाही म्हणा. त्याने पाणी आत अडकून फ्रेम गंजते आणि पुढे खरं अ‍ॅडहेसिव्ह तिथे धरत नाही, काच काढून, गंज घासून, प्रायमर मारून नव्याने युरेथेनने (काचेच्या खास अ‍ॅडहेसिव्हने) चिकटवणं हाच उपाय. ड्रायव्हरशेजारच्या सीटची एअरबॅग उघडते तेव्हा याच काचेवर टेकते, त्यामुळे तिचं चिकटणं हा फक्त गळतीचा विषय नाही. काच बसवल्यावर कारागीर सांगेल तेवढे तास गाडी हलवू नका आणि एक-दोन दिवस प्रेशरने धुऊ नका.

पुढची काच म्हणजे दोन काचांच्या मध्ये पारदर्शक थर, त्यामुळे दगड लागला तर तडा जातो पण ती ढासळत नाही. बाजूच्या आणि मागच्या काचा टफन केलेल्या, त्या फुटल्या की सरळ चुरा, दुरुस्ती नाही. ट्रकच्या मागून खडी उडून पुढच्या काचेला टिचकी पडली, म्हणजे बारीक टवका उडाला, तर लगेच वर पारदर्शक टेप लावा, आत धूळ-पाणी गेलं की दुरुस्तीचं रेझिन (पातळ पारदर्शक गोंद) नीट भरत नाही. टिचकी रुपयाच्या नाण्याहून लहान, काचेच्या कडेपासून लांब आणि ड्रायव्हरच्या थेट नजरेत नसेल तर रेझिनने भरून घ्या. तोपर्यंत तापलेल्या काचेवर गार पाणी नको आणि एसीचा झोत थेट काचेवर नको, तडा तिथूनच पळतो.

काच बदलायचीच झाली तर पॉलिसी बघा. नुसती थर्ड पार्टी असेल तर काही मिळत नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर काचेवर घसारा (जुनेपणाची वजावट) कापत नाहीत, पण सक्तीची कपात असते, म्हणजे क्लेममधली तेवढी रक्कम तुम्हीच भरायची, १५०० सीसीपर्यंत १००० रुपये आणि त्यावर २००० रुपये, म्हणजे अर्टिगा पहिल्यात, डिझेल इनोव्हा दुसऱ्यात. क्लेम घेतला तर नो क्लेम बोनसचं काय होईल ते आधी विचारा, काचेचा खर्च आणि जाणारा बोनस मांडून मगच ठरवा. आणि पॉलिसी तुमच्या नावावर झालीय का ते तर घेतल्या-घेतल्या बघा.

घाटातल्या वाफेबद्दल थोडं नीट सांगतो कारण हा जीवाशी खेळ आहे. ताम्हिणी, आंबोली, माळशेज, सात माणसं आत, ओले कपडे, तिसऱ्या रांगेच्या काचा तर उघडतच नाहीत. आतून वाफ धरली तर एसी चालू, हवेचा झोत पुढच्या काचेवर आणि हवा बाहेरून घेणारा मोड, आतलीच हवा फिरवायची नाही. हाताने पुसू नका, हाताच्या तेलाने रात्री समोरच्या दिव्यांचे पट्टे पडतात. पण वायपर मारल्यावर वाफ जात असेल तर ती बाहेरून आहे, काच जास्त गार झालीय, एसी कमी करा आणि झोत काचेवरून काढा. रोज सकाळी आतून वाफ दिसत असेल तर मॅटखाली ओल आहे, मॅट उचलून बघा.

मागच्या काचेवरच्या बारीक रेघा म्हणजे डिफॉगर, काच गरम करून वाफ घालवणारा. एखादीच रेघ काम करत नसेल तर ती कुठेतरी तुटलीय, मल्टीमीटरने जागा सापडते आणि सिल्व्हर कंडक्टिव्ह पेंटने जोडता येते. डिफॉगर आणि मागचा वायपर दोन्ही एकदम बंद, तर डिकीच्या बिजागरीजवळची वायर. तिथूनच कधीकधी वॉशरच्या पाण्याची नळी जाते, ती सुटली की छताच्या कापडावर डाग पडतात आणि लोक छत गळतं म्हणून फिरत बसतात.

आधीच्या मालकाची काळी फिल्म असेल तर काढून टाका. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने काळ्या फिल्मवर बंदी आणली आणि नियम असा की पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार जायला हवा. बाजूच्या काचांवरची फिल्म हेअर ड्रायरने गरम करून एका कोपऱ्यातून हळू ओढा. मागच्या काचेवर ब्लेड अजिबात लावू नका, डिफॉगरच्या रेघा फिल्मबरोबर जातील, तिथे उष्णता आणि साबणाचं पाणी आणि भरपूर सबुरी.

बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी अर्धं-अर्धं, पाच मिनिटं ठेवून पुसा. त्याने गेले नाहीत तर सिरियम ऑक्साइडचं पॉलिश, पण ते हाताने किरकोळ डागांनाच, ओरखड्यांवर वेळ घालवू नका.

गाडी अजून घ्यायची असेल तर प्रत्येक काचेच्या कोपऱ्यातला छाप वाचा. सगळ्या काचांवर एकाच कंपनीचा छाप आणि जवळपासचं वर्ष असायला हवं. फक्त पुढची वेगळी असेल तर दगड लागला असेल, ते चालतं. पण एका बाजूची दरवाजाची काच वेगळी आणि त्याच दरवाजाच्या रंगात फरक, तर अपघाताचं सरळ विचारा. आणि पुढच्या काचेवरचा आधीच्या मालकाचा फास्टॅग त्याच्याकडून बंद करून घ्या, तो बंद होईपर्यंत त्याच गाडीचा तुमच्या नावाचा नवीन निघायला अडचण येते, आणि पुढे कधी काच बदललीत तर जुना टॅग उचकटून परत चिकटवायला जाऊ नका, उचकटला की तो निकामी होतो, बँकेकडून बदलून घ्यावा लागतो.