जुन्या हॉलिवूडचं विडंबन करताय? मग या चुका टाळा

कॉलेजचं गॅदरिंग असो, सोसायटीचा गणपती असो की यूट्यूबवरची शॉर्ट फिल्म, जुन्या हॉलिवूडची टोपी उडवायचा मोह बऱ्याच जणांना होतो. मग ठरलेली तयारी सुरू होते. ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर, डोक्यावर फेल्ट हॅट, ओठात न पेटवलेली सिगारेट आणि दर दोन वाक्यांनी 'ओ डार्लिंग'. पहिल्या मिनिटाला हशा येतो, तिसऱ्या मिनिटाला लोक मोबाइल काढतात. अशा वेळी लेखक आणखी विनोद कोंबायला बसतो. खरं तर बहुतेक वेळा दुखणं विनोदांचं नसतंच. ज्याची नक्कल करायची ते कुणी धड पाहिलेलं नसतं.

मूळ चित्रपट आठवणीवर उरकणं

फ्रँकेन्स्टाइन म्हटलं की आपल्याला मानेतले बोल्ट आणि पुढे धरलेले हात आठवतात. ही पोस्टरची आठवण झाली. दिग्दर्शक मेल ब्रूक्स आणि नट जीन वाइल्डर यांनी 'यंग फ्रँकेन्स्टाइन' (१९७४) हे विडंबन लिहिलं ते युनिव्हर्सल स्टुडिओचे जुने भयपट प्रसंगाप्रसंगाने धरून.

'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' (१९३५) मध्ये जंगलातल्या झोपडीत एक आंधळा म्हातारा राहतो. एकटेपणाने खचलेला, देवाकडे मित्र मागणारा. राक्षस दारात येतो तेव्हा तो त्याला आत घेतो, खाऊ घालतो, वाइन देतो, सिगारही देतो. या चित्रपटात राक्षसाला माणसासारखं वागवणारा हा पहिलाच माणूस. ब्रूक्सने प्रसंग जवळपास तसाच ठेवला, म्हाताऱ्याची प्रार्थनासुद्धा. फक्त एक गोष्ट लावून धरली : यजमानाला दिसत नाही. त्यामुळे उकळतं सूप वाडग्याऐवजी राक्षसाच्या मांडीवर ओतलं जातं. 'चिअर्स' करताना म्हातारा असा जोर लावतो की पाहुण्याचा वाइनचा मग फुटतो. शेवटी सिगारऐवजी राक्षसाचा अंगठाच पेटतो. म्हातारा मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रेमळच. जीन हॅकमनने, तोवर ऑस्कर मिळवलेल्या नटाने, एकही ओळ थट्टेत म्हटलेली नाही. प्रसंगात जे हळवं होतं तेच हसू आणतं. बाहेरून विनोद आणावा लागला नाही.

'यंग फ्रँकेन्स्टाइन'मधल्या इन्स्पेक्टरचा लाकडी हात 'सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन' (१९३९) मधून आलाय. तिथे तो इन्स्पेक्टर डार्ट खेळताना बाण खुशाल स्वतःच्या लाकडी हातात खोचून ठेवतो. म्हणजे निम्मा विनोद मुळातच पडून होता, पाहणारा हवा.

म्हणून पटकथेला हात घालण्याआधी मूळ प्रसंग थांबवत थांबवत बघा आणि मूळ दिग्दर्शक गंभीरपणे काय करत होता ते कागदावर उतरवा. केशवकुमारांनी 'झेंडूची फुले'त कवींची खोड काढली ती त्यांच्याच वृत्तात, त्यांच्याच शब्दकळेत. कान तयार नसता तर ते जमलं नसतं.

फिल्टरवर भागवणं

कोलंबिया स्टुडिओला 'यंग फ्रँकेन्स्टाइन' कृष्णधवल नको होता. ब्रूक्स हटला नाही, चित्रपट घेऊन ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सकडे गेला. प्रयोगशाळेसाठी त्याने केनेथ स्ट्रिकफाडनला गाठलं. १९३१ च्या मूळ 'फ्रँकेन्स्टाइन'साठी ठिणग्या उडवणारी यंत्रं यानेच बनवली होती आणि अजून सांभाळून ठेवली होती. ब्रूक्सने तीच वापरली. प्रसंग बदलताना पडद्यावर काळं वर्तुळ मिटत जाणं, एक चित्र दुसऱ्याला पुसत येणं, हेही जुन्याच पद्धतीने.

आपलं बजेट तेवढं नसतं, पण चुका फुकटात सुधारता येतात. रंगीत शूट करून नंतर रंग काढला की लाल साडी आणि हिरवी भिंत एकाच राखाडीत विरघळतात. म्हणून कपडे आणि पार्श्वभूमी आधीच मोबाइलच्या कृष्णधवल मोडवर तपासा. गुप्तहेरपटाची थट्टा असेल तर ट्यूबलाइट बंद करा, एका बाजूने एकच कडक दिवा लावा आणि भिंतीवर सावली पडू द्या. १९४० च्या दशकातली चौकट जवळपास चौकोनी होती, रुंद पडदा १९५३ नंतर पसरला. मोबाइलची लांबट फ्रेम तशीच ठेवली तर काळच चुकतो. आणि झूम करू नका. एका झूमने सगळं ओम फस्स होतं.

नटांनी विनोदी होणं

सर्वात जास्त नुकसान इथे होतं. नट भुवया उडवतो, आवाज काढतो, स्वतःच्या वाक्यावर स्वतःच ओठ दाबून हसतो.

१९५७ चा 'झिरो अवर!' हा विमानातल्या विषबाधेचा पूर्ण गंभीर चित्रपट आहे. मासे खाल्लेले वैमानिक आडवे होतात आणि युद्धाच्या आठवणींनी पछाडलेल्या टेड स्ट्रायकरला विमान उतरवावं लागतं. जिम एब्राहम्स आणि झकर बंधूंनी त्याचे हक्क रीतसर विकत घेतले आणि १९८० मध्ये त्याचं विडंबन 'एअरप्लेन!' काढलं. नायकाचं नाव तेच, मासे तेच, कित्येक संवाद तर शब्दशः तेच. आता विमान उडवू शकेल आणि ज्याने रात्री मासे खाल्ले नसतील असा माणूस हवा, हे वाक्य दोन्हीकडे आहे. एकीकडे घाम फुटतो, दुसरीकडे पोट दुखेपर्यंत हसू येतं. फरक आजूबाजूच्या वेडेपणाचा. आणि तो वेडेपणा चालतो, कारण लेस्ली निल्सन, रॉबर्ट स्टॅक, पीटर ग्रेव्हज ही मंडळी तोवर गंभीर भूमिकांसाठीच ओळखली जायची आणि इथेही ती त्याच चेहऱ्याने वावरली.

ब्रूक्सच्याच 'ब्लेझिंग सॅडल्स' (१९७४) चं शीर्षकगीत फ्रँकी लेनने गायलं. वेस्टर्नपटांची, म्हणजे काउबॉयच्या चित्रपटांची, गाणी गाऊन नाव कमावलेला गायक. हे विडंबन आहे याचा त्याला पत्ता नव्हता आणि तो असा जीव ओतून गायला की ब्रूक्सला खरं सांगवेना. तालमीत हेच करून बघा : नटाला सांगा, हा गंभीर प्रसंग आहे. तसाच एकदा शूट करा. बऱ्याचदा तोच टेक कामी येतो.

प्रेक्षकांना माहीतच नसलेल्या गोष्टीवर हसणं

नोव्हेंबर १९७६ मध्ये 'गॉन विथ द विंड' अमेरिकेत पहिल्यांदा राष्ट्रीय टीव्हीवर दाखवला गेला. काही दिवसांतच विनोदी अभिनेत्री कॅरल बर्नेटने आपल्या टीव्ही कार्यक्रमात त्याचं विडंबन केलं. मुळात नायिका खिडकीच्या हिरव्या पडद्याचा ड्रेस करून घेते. इथे ती तो घालून जिना उतरते, पण पडद्याचा दांडा खांद्यांवर तसाच आडवा. मूळ प्रसंग लोकांच्या डोळ्यांसमोर ताजा होता. पण तो न पाहिलेल्यालाही खांद्यावरचा दांडा हसवतोच, आणि तुमच्या प्रत्येक प्रसंगाने ही परीक्षा पास व्हायला हवी. नुसतं 'ओळखलंत का?' एवढ्यावर थांबणारा विनोद पुढच्या वर्षी शिळा होतो.

जुन्या चित्रपटाचे दोषही उचलणं

काळे नोकर, 'चिनी' गुप्तहेर, डोळे मोठे करणारे आदिवासी : जुन्या चित्रपटांत हे सगळं भरपूर आहे. गुप्तहेरपटांची थट्टा करणाऱ्या 'मर्डर बाय डेथ' (१९७६) मधला गोऱ्या पीटर सेलर्सचा चिनी वेष आज बघवत नाही, एरवी चित्रपट कितीही हुशार असला तरी. 'ब्लेझिंग सॅडल्स'मध्ये निशाण्यावर गावातले वर्णद्वेषी आहेत, काळा शेरीफ सगळ्यांत शहाणा. ब्रूक्सच्या त्या चित्रपटातलंही सगळं आज पचत नाही, पण बाण कुणावर रोखायचा हे त्याला कळत होतं.

मूळ क्लिप आणि संगीत सरळ चिकटवणं

'डेड मेन डोन्ट वेअर प्लेड' (१९८२) मध्ये नट स्टीव्ह मार्टिन मुख्यतः १९४० च्या दशकातल्या खऱ्या चित्रपटांतल्या तुकड्यांशी बोलतो, पण त्यामागे अख्खा स्टुडिओ उभा होता. आपण जुनं पार्श्वसंगीत लावलं की यूट्यूबवर कॉपीराइटचा दावा येऊन पडतो, आवाज तरी बंद होतो नाहीतर व्हिडिओ. तबलापेटी वाजवणारा एखादा मित्र पकडा आणि त्या धाटणीचं नवं काहीतरी बांधून घ्या. जॉन मॉरिसने 'यंग फ्रँकेन्स्टाइन'साठी व्हायोलिनवरची नवी अंगाई रचली होती, आणि ती ऐकताना ही थट्टा आहे असं कुठेही वाटत नाही.